टाचेचं हाड वाढलंय

गेल्या डिसेंबरातला एक शनिवार. सकाळी साडेसहाला पांघरुणातून उजवा पाय बाहेर काढला, फरशीवर टेकवला आणि टाचेत कोणी खिळा ठोकावा तशी कळ गेली. भिंत धरत धरत बाथरूमपर्यंत गेलो. दात घासून होईपर्यंत कळ निम्मी झाली, चहा होईपर्यंत जवळजवळ गेलीच. मी विसरलो. रविवारी पुन्हा तेच. सोमवारीही तेच. मग पुढचे तीन महिने रोज तेच.

आईच्या लक्षात यायला आठवडासुद्धा लागला नाही.

"लंगडून राहिलास का रे?"

"काही नाही गं. टाच दुखून राहिली थोडी. सकाळचीच."

"पहिलं पाऊल ना? आणि मग बराच वेळ बसून उठलं की पुन्हा?"

मी तिच्याकडे बघतच राहिलो. नंतर डॉक्टरांनी सहाशे रुपये घेऊन मला हेच दोन प्रश्न विचारले, हे आपलं जाता जाता सांगतो.

आई बाल्कनीत गेली आणि तुळशीच्या कुंडीखालची वीट काढून घेऊन आली. धुतली, पुसली, गॅसवर ठेवली. खालच्या मैदानाच्या कडेला रुई उगवते, तिची दोन पानं मला आणायला लावली. (शनिवार होता, म्हणजे रुईवर पहिला हक्क मारुतीचा, पण दोन पानांनी त्याचं काही अडलं नसावं.) गरम विटेवर पान, पानावर टाच. पान चरचरतं, जरा वास येतो, आणि खरं सांगतो मंडळी, बरं वाटतं. किती वेळ? साधारण पाऊण तास.

"माझी आई बिब्बा लावायची," आई म्हणाली. बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरायचा, तेल सुटलं की त्याचा ठिपका टाचेवर द्यायचा. एकदा तो उतला आणि आजीच्या पायभर फोड आले. आपल्या भाषेत 'बिब्बा घालणे' हा वाक्प्रचार का आहे ते फोड बघितलेल्या माणसाला विचारावं. बिब्ब्याच्या तेलात कातडी जाळणारं रसायन असतं, अमेरिकेतल्या त्या कुप्रसिद्ध विषारी वेलीत असतं त्याच जातकुळीचं. धोबी लोक याच तेलाने कपड्यांवर न जाणाऱ्या खुणा करायचे. तर, कोणी वाचून प्रयोग करू नये. वीट ठीक आहे.

मग आईने कपाटातून एक मोठं खाकी पाकीट काढलं. त्यात तिचा एक्स-रे होता, १९९३ चा. खिडकीशी धरला. टाचेचं हाड, आणि त्याच्या खालच्या अंगाला पुढे आलेली एक चोच. पोपटाची नव्हे, कावळ्याची म्हणा. मी बारा वर्षांचा होतो तेव्हा हे चित्र आमच्या घरात देवाच्या फोटोइतकं ओळखीचं होतं. पाहुणे आले की पाकीट निघायचं. "हिच्या टाचेचं हाड वाढलंय," बाबा सांगायचे आणि सगळे च्च च्च करायचे. मी मनात चित्र रंगवायचो की ते हाड रोज थोडं थोडं वाढतंय आणि एक दिवस तळपायातून बाहेर येणार.

तर हे 'हाड वाढलंय' प्रकरण आलं कुठून, याच्या मागे मी गेले काही शनिवार लागलो होतो. त्याचीच ही हकीकत.

१८९५ च्या नोव्हेंबरात रॉंटगेनला क्ष-किरण सापडले. त्याआधी जिवंत माणसाच्या टाचेच्या आत काय आहे हे कोणालाच दिसत नव्हतं. आता दिसायला लागलं, आणि जर्मनीत ड्रेस्डेनला प्लेटनर नावाच्या डॉक्टरने १९०० साली या चोचीबद्दल लिहिलं. तिला नाव मिळालं 'टाचेची आर', घोडेस्वार बुटाला लावतात तसली आर. म्हणजे क्ष-किरण लागल्यावर पाच वर्षांत टाचदुखीचा आरोपी पकडलासुद्धा गेला. दुखणारी टाच आणि टोकदार हाड एकाच फोटोत. आता आणखी काय पुरावा पाहिजे?

पण हाड वाढतं कशाने? इथे गोष्ट मजेशीर होते, आणि ज्यांना ती भोगावी लागली त्यांच्यासाठी अजिबात मजेशीर नव्हती. १९०६ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्सचे विल्यम बेअर यांनी मांडलं की टाचेतली ही हाडं परम्यामुळे होतात. परमा म्हणजे तोच, ज्याच्या जाहिराती एस.टी. स्टँडच्या भिंतींवर असतात. बेअर काही ऐरागैरा माणूस नव्हता. पुढे अळ्या वापरून हाडांच्या जखमा साफ करण्याच्या उपचारामुळे तो वैद्यकाच्या इतिहासात राहिला. पण त्या काळात टाच दुखते म्हणून डॉक्टरकडे गेलेल्या सभ्य गृहस्थाला काय काय प्रश्नांना तोंड द्यावं लागलं असेल, आणि घरी येऊन बायकोला काय सांगावं लागलं असेल, याची कल्पना करा! त्यात तथ्याचा एक कण होता. काही संसर्गांनंतर एका प्रकारचा संधिवात होतो, त्यात टाच दुखू शकते. पण लाखो लोकांच्या रोजच्या टाचदुखीशी त्याचा संबंध नव्हता. हळूहळू तो सिद्धांत मागे पडला. आर मात्र आरोपीच्या पिंजऱ्यात उभीच राहिली. ऑपरेशन करून ती तासून टाकायची, हा उपाय विसाव्या शतकात पुष्कळ चालला.

आता पुढचा प्रश्न कोणी इंजिनियर असता तर पहिल्याच दिवशी विचारला असता (निदान मला असं वाटायला आवडतं): ज्यांची टाच दुखत नाही त्यांचे एक्स-रे काढले का? काढले, पण निवांत. १९८८ मध्ये छापलेल्या एका पाहणीत १००० लोकांचे पायाचे एक्स-रे बघितले. १३२ जणांना आर होती. त्यातल्या फक्त ३९ टक्के लोकांनी सांगितलं की हो, आमची टाच कधीतरी दुखली होती. बाकीचे आर घेऊन मजेत हिंडत होते. आणखी गंमत म्हणजे ती चोच बरेचदा दुखणाऱ्या पट्ट्यात नसतेच, त्याच्या वरच्या एका लहान स्नायूच्या मुळाशी असते. म्हणजे आरोपी घटनास्थळी सुद्धा नव्हता. वरच्या मजल्यावर राहत होता.

आमच्याकडे असं एकदा झालं होतं. एका क्लायंटचा सर्व्हर रोज रात्री दोनला आचके द्यायचा. लॉग उघडला की एकच वॉर्निंग, शेकडो वेळा. आम्ही तिघांनी दोन रात्री घालवून ती वॉर्निंग घालवली. सर्व्हर तिसऱ्या रात्री पुन्हा दोनला आडवा. कारण निघालं भलतंच, त्याच वेळेला चालणारा बॅकअप. तो बिचारा लॉगमध्ये काही लिहीतच नव्हता. आणि ती वॉर्निंग, मागचे लॉग काढून बघितले तेव्हा, सर्व्हर धडधाकट असलेल्या दिवसांतही तितकीच होती. आम्ही तिला पकडलं कारण ती दिसत होती.

आईच्या बाबतीत ही वॉर्निंग काढायची तारीखसुद्धा ठरली होती. १९९४ चा एप्रिल. एका डॉक्टरांनी सांगितलं, हाड तासून टाकू, पंधरा दिवसांत चालायला लागाल. बाबांनी पैशांची सोय केली होती. ऑपरेशन झालं नाही ते काही कोणाला शहाणपण सुचलं म्हणून नव्हे. आईकडे दहावीचे पेपर तपासायला आले होते. मग उन्हाळा लागला (नागपूरचा मे, जखम चिघळेल ही आजीची भीती), मग शाळा सुरू झाली. राहिलंच. त्याऐवजी इंजेक्शनं झाली. टाचेत, कोपऱ्यातून, लांब सुई. मी दाराबाहेर बसलेलो होतो, आवाज ऐकला होता. तीन घेतली.

ही इंजेक्शनं स्टेरॉइडची. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये (आपला मेयो नव्हे, सेंट्रल अव्हेन्यूवरचा!) फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या एका रुग्णाला कॉर्टिसोन दिलं, आणि अंथरुणाला खिळलेली बाई काही दिवसांत चालायला लागली. १९५० मध्ये नोबेलही मिळालं. इतकं जादूचं औषध हाताशी आल्यावर जिथे दुखतं तिथे ते टोचायला सुरुवात झाली, त्यात टाचही आली. टाचेची सूज उतरवायची, असा त्यामागचा हिशोब. आराम पडतो, पण तो थोड्या आठवड्यांचा असतो. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या एका दवाखान्याने आपले टाचदुखीचे ७६५ रुग्ण तपासले, तेव्हा ५१ जणांचा तळपायाचा पट्टा तुटलेला निघाला, आणि त्यातल्या ४४ जणांनी ते इंजेक्शन घेतलेलं होतं. आईचा तुटला नाही. तिसऱ्या इंजेक्शननंतर तीच म्हणाली, पुरे.

हा पट्टा म्हणजे काय ते सांगतो, कारण खरी भानगड त्याचीच आहे. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळपायात एक जाड, चिवट पट्टा असतो. पाऊल ही कमान धरली तर हा पट्टा म्हणजे तिची दोरी. १९५४ मध्ये हिक्स नावाच्या इंग्रज संशोधकाने दाखवलं की ती नुसती दोरी नाही, रहाट आहे. आपण पाऊल उचलताना बोटं वर वाकतात, तेव्हा दोरी बोटांच्या मुळाशी रहाटावर गुंडाळल्यासारखी ताणली जाते, कमान उंच होते, पाऊल ताठ होतं, आणि त्या ताठ पावलावर आपण शरीर पुढे ढकलतो. दर पावलाला एकदा. आणि नुसतं उभं राहिलं तरी तिच्यावर सतत ताण असतोच. रात्री झोपेत पाऊल खाली झुकलेलं राहतं, दोरी आखडते. सकाळी तिच्यावर एकदम सत्तर-ऐंशी किलो (माझ्या बाबतीत एक्याऐंशी) येतात. तीच ती पहिल्या पावलाची कळ.

या सगळ्याच्या कितीतरी आधी आपल्याकडे या दुखण्याला नाव होतं. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात पहिल्याच अध्यायात वाताचे विकार आहेत, त्यात वातकंटक. कंटक म्हणजे काटा. म्हणजे एक्स-रे नव्हता तेव्हाही लोकांना आत काटाच जाणवत होता! फक्त तो हाडाचा नव्हता, वाताचा होता. सुश्रुत म्हणतो की पाऊल वेडंवाकडं पडल्याने हे होतं. वाग्भटाने त्यात आणखी एक कारण घातलं, श्रम. तो जागा घोट्याची सांगतो, त्यामुळे आजची टाचदुखी आणि वातकंटक एकास एक जुळतात असा दावा मी करणार नाही. आजचे वैद्य मात्र हेच नाव वापरतात. उपाय वाचले तर अंगावर काटा येतो. अकराव्या शतकातला चक्रपाणिदत्त सांगतो की पुन्हा पुन्हा रक्त काढा, एरंडेल प्यायला द्या, नाहीतर सुयांनी डागा. आजीचा बिब्बा आणि आईची ती लांब सुई या एकाच घराण्यातल्या वाटतात मला.

'आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं' छापाचं लिखाण मला आवडत नाही, आणि हे तसं नाही. पण एक फरक आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. त्यांनी विचारलं होतं की पाऊल कसं टाकता आणि श्रम किती करता. एक्स-रे आल्यावर बराच काळ हे प्रश्न मागे पडले, कारण दाखवायला फोटो होता.

पूर्णपणे नव्हे म्हणा. इंग्रजीत टाचदुखीला एक जुनं नाव आहे, 'पोलिसाची टाच'. गस्त घालणारा, चौकात तासन् तास उभा राहणारा शिपाई. म्हणजे उभं राहण्याशी नातं आहे हे लोकांना कळत होतं. मी आईला हे नाव सांगितलं. ती वाटाणे सोलत होती.

"पोलिसाचीच काहून? मास्तरणीची काहून नाही?"

मी हसलो. ती हसली नाही. आणि मग तिने मला जे सांगितलं ते बत्तीस वर्षांत मी कधी ऐकलं नव्हतं, बाबांनीही ऐकलं नव्हतं.

इंजेक्शनांच्या त्या वर्षी तिने मुख्याध्यापकांकडे एक विनंती केली होती. वर्गात खुर्ची असायची, पण ती शोभेची. बाईंनी बसून शिकवायचं नाही, हा त्या शाळेचा अलिखित नियम. मला बसून शिकवू द्या, टाचेचं असं असं आहे, एक्स-रे दाखवते, असं ती म्हणाली. पाकीट घेऊन गेली होती. सरांनी एक्स-रे उजेडात धरून बघितला, वाईट वाटल्याचं सांगितलं, आणि म्हणाले, बाई, तपासणीवाले आले आणि तुम्ही बसलेल्या दिसलात तर शाळा आळशी दिसते. हाड वाढलंय तर काढून टाका न. ऑपरेशन करून घ्या.

म्हणजे बघा. हाडाला आरोपी केलं की खुर्ची द्यावी लागत नाही.

आईने १९७२ ला नोकरी धरली आणि २००८ ला निवृत्त झाली. ३६ वर्षं, वर्षाचे साधारण २०० दिवस, रोज ५ तास उभं. ३६००० तास झाले. दिवसरात्र धरले तर चार वर्षांहून जास्त! यात घरचा ओटा धरलेला नाही. तोही धरायला हवा खरं तर. आजी चुलीपुढे पाटावर बसून स्वयंपाक करायची. गॅस आणि ओटा आल्यावर बायका उभ्या राहिल्या, आणि याला आपण सोय म्हणालो. धूर गेला, ती सोय झालीच, नाही म्हणत नाही. पण त्याच सुमारास मातीची सारवलेली जमीन जाऊन शहाबादी फरशी आली होती, आणि घरात चप्पल घालायची नाही हा नियम तसाच राहिला. शाळेत सिमेंट, घरी शहाबादी, दोन्हीकडे उभं, एकीकडे अनवाणी.

बसायला देणं ही तशी साधी गोष्ट आहे, पण तिच्यासाठी कायदे करावे लागले आहेत. ब्रिटनमध्ये १८९९ साली दुकानातल्या मुलींसाठी कायदा झाला: दर तीन मुलींमागे मालकाने एक बसायची जागा ठेवलीच पाहिजे. आपल्या १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टमध्ये ४४ वं कलम होतं, ज्यांना उभं राहूनच काम करावं लागतं त्यांच्यासाठी बसायची सोय हवी, म्हणजे अधूनमधून संधी मिळेल तेव्हा टेकता येईल. पण शाळा म्हणजे फॅक्टरी नव्हे. आणि दुकानही फॅक्टरी नव्हे. केरळात कोळिकोडच्या साड्यांच्या आणि कपड्यांच्या दुकानांतल्या बायकांनी काही वर्षं लढा दिला, तेव्हा २०१८ मध्ये तिथे दुकानांच्या कायद्यात बसायचा हक्क आला. २०२१ मध्ये तामिळनाडूने तसाच बदल केला. पुढच्या वेळी बर्डीवर खरेदीला गेलात तर काउंटरमागच्या मुलीला स्टूल आहे का ते बघा. मी हल्ली बघतो. बायको वैतागते.

नागपूरला तर उभं राहून काम करणाऱ्यांचं शहर म्हणायला हरकत नाही. १ जानेवारी १८७७ ला, व्हिक्टोरिया राणी सम्राज्ञी झाल्याची घोषणा दिल्लीत झाली त्याच दिवशी, जमशेटजी टाटांनी इथे मिल सुरू केली, म्हणून तिचं नाव एम्प्रेस. देशात रिंग स्पिंडल आधी आणणाऱ्या मिलांपैकी ती एक. सव्वाशे वर्षं चालून २००२ मध्ये बंद पडली, आता तिथे मॉल आहे. रिंग फ्रेमवर बसून काम होत नाही. शेकडो चात्या फिरत असतात, धागा कुठे तुटला ते बघत इकडून तिकडे चालायचं, तुटला की सांधायचं, पुन्हा चालायचं. माझे आजोबा एका सूतगिरणीत हेच काम करायचे. ते घरी आले की परातीत गरम पाणी आणि मीठ घेऊन बसायचे, हे मला आठवतं. "आजोबांचे पाय थकलेत" असं म्हणायचे सगळे. त्यांच्या टाचेचा फोटो कोणी काढला नाही, त्यामुळे त्यांचं कधी हाड वाढलं नाही.

मग २००३ साल उजाडलं. या दुखण्याच्या इतिहासात मला हे वर्ष १९०० पेक्षा मोठं वाटतं, आणि गंमत म्हणजे कुठे बातमी नाही की काही नाही. एकाच वर्षात तीन वेगवेगळ्या अमेरिकन गटांनी तीन गोष्टी छापल्या. लेमाँट आणि सहकाऱ्यांनी ऑपरेशनमध्ये काढलेले ५० रुग्णांचे पट्ट्यांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली बघितले, तर त्यांत सूज आलेली नव्हतीच. पट्ट्याचे तंतू झिजून विस्कटलेले होते. म्हणजे पन्नास वर्षं ज्या सुजेवर इंजेक्शनं दिली ती सूज बहुतेकांना नव्हती. रिडल आणि मंडळींनी टाच दुखणारे आणि न दुखणारे लोक शेजारी ठेवून तुलना केली आणि तीन धोके सांगितले: घोटा वर न वाकणं, जास्त वजन, आणि कामाचा बहुतेक वेळ पायांवर असणं. आणि डिजिओव्हानी यांनी १०१ जणांना दोन प्रकारचे ताण द्यायला लावले. ज्यांनी सकाळी पहिलं पाऊल टाकण्याआधीच पलंगावर बसून, हाताने बोटं वर ओढून तो पट्टा ताणला, त्यांना आठ आठवड्यांत जास्त फरक पडला. हिक्सचा रहाट, फक्त हाताने फिरवलेला. फुकट.

खर्चिक उपाय थांबले असं नाही. ध्वनीलहरींचे धक्के देणारं मशीन २००० साली अमेरिकेत मंजूर झालं होतं. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत अशा धक्क्यांचा आणि लुटुपुटूच्या धक्क्यांचा परिणाम सारखाच निघाला. पुढच्या काही चाचण्यांत फायदाही दिसला, वाद चालू आहे. मला विचाराल तर माझा पैसा डेन्मार्कवर. तिथे राथलेफ यांनी २०१४ मध्ये ४८ जणांवर प्रयोग छापला: पायरीवर उभं राहायचं, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवायचा आणि अगदी सावकाश टाचा उचलायच्या, दिवसाआड, हळूहळू वजन वाढवत. तीन महिन्यांनी हा गट नुसता ताण देणाऱ्यांच्या बराच पुढे होता. वर्षाने दोन्ही गट सारखे झाले, हेही सांगायला हवं. म्हणजे बहुतेकांची टाच वर्षभरात शांत होते, काही केलं तरी. फक्त ते वर्ष जरा कमी लंगडत काढता येतं.

(ज्यांची टाच रात्री पडल्या पडल्याही ठणकते, मुंग्या येतात, सुजली आहे, किंवा दोन्ही टाचा आणि कंबर सकाळी तासभर धरलेली असते, त्यांनी टॉवेल बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठावा. ते वेगळं दुखणं असू शकतं.)

आता तुम्ही म्हणाल, तू तर दिवसभर खुर्चीत बसतोस, तुझी टाच काहून दुखली? रास्त आहे. मी घरून काम सुरू झाल्यापासून नऊ किलो वाढवले, पोटऱ्या लाकडासारख्या केल्या, आणि ऑक्टोबरात अचानक अंबाझरीला रोज पाच किलोमीटर धावायला लागलो. व्हिट्रिफाइड टाइल्सवर दिवसभर अनवाणी हे वेगळंच. रिडल यांच्या यादीतले दोन धोके मी बसल्या जागी कमावले. तिसरा आईने माझ्या वाटचा आधीच भोगून ठेवला होता.

सध्या सकाळी साडेसहाला आमच्या घरी असं दृश्य असतं. मी पलंगावर बसून बोटं ओढतो. शेजारच्या खोलीत आई पंचाहत्तराव्या वर्षी तेच करते, "एक दोन तीन" मोठ्याने मोजत, वर्गात कवायत घ्यावी तसं. तिची टाच तीस वर्षांत कधी पूर्ण गेली नाही, कधी पूर्ण थांबवूही शकली नाही. मार्चपासून ती म्हणते बरं आहे. माझी एप्रिलमध्ये थांबली, मेमध्ये एकदा उगवली, पुन्हा थांबली. दोघांनाही घरात घालायला वेगळ्या चपला आणल्या. देवघराच्या उंबऱ्यापाशी त्या निघतात, तेवढी तडजोड झाली.

ओट्यासाठी इतवारीतून एक उंच स्टूल आणलं आहे, लाकडी, मागे टेकायला पट्टी असलेलं. पहिले चार दिवस आई त्यावर डबे ठेवायची. आता बसते, पोळ्यासुद्धा बसून करते. शेजारच्या काकू आल्याची चाहूल लागली की मात्र अजूनही पटकन उठून उभी राहते.